सूज उतरवणाऱ्या गोळीने अल्झायमर थांबेल का?

तुमच्या आईंना अल्झायमरचं निदान झालंय आणि एक नातेवाईक म्हणतात, "हा मेंदूतल्या सुजेचा आजार, रोज सूज उतरवणारी गोळी द्या." कृपा करून आपल्या मनाने देऊ नका. वडिलांच्या आजारपणात मीही याच आशेने बरंच वाचून काढलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेंदूला स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी असतात, मायक्रोग्लिया. मेंदूतली ही 'सूज' म्हणजे मुख्यतः त्यांचीच प्रतिक्रिया. स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. एरवी त्या बारीक फांद्या हलवत आजूबाजूला चाचपत असतात, मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात. अल्झायमरमध्ये त्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठींभोवती कडं करतात आणि शेजारच्या चेतापेशींना वाचवू पाहतात.

मला सगळ्यात पटला तो जनुकांचा पुरावा. ट्रेम-२ हे जनुक मेंदूत मुख्यतः याच पेशी वापरतात. त्यातला एक दुर्मिळ बदल असणाऱ्यांना अल्झायमरचा धोका दोन ते चार पट असतो, असं २०१२ च्या अखेरीस दिसलं. या बदलाने पेशी चवताळत नाहीत, उलट कामात कमी पडतात! जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर तिशी-चाळिशीतच स्मृतिभ्रंश होऊ शकतो. मग या पेशींना सरसकट गप्प करून कसं चालेल?

अर्थात त्या नुकसानही करतात. बाळाच्या वाढत्या मेंदूतले चेतापेशींमधले जादा जोड त्या छाटतात. अल्झायमरसारखा आजार घडवलेल्या उंदरांत, गाठी दिसण्याआधीच हीच छाटणी पुन्हा सुरू झालेली २०१६ मध्ये आढळली.

संधिवातासाठी सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, ही नोंद जुनी आहे; नातेवाइकांच्या कानावर तेच आलं असेल. म्हणून अमेरिकेत सत्तरीपुढच्या सुमारे २,५०० जणांवर नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या अशा दोन गोळ्यांची चाचणी झाली. हृदयाला धोक्याच्या शंकेने २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढच्या पाठपुराव्यातही आजार टळल्याचं दिसलं नाही. आजार जडलेल्यांना नेप्रोक्सेन देऊन पाहिलं, तरी त्याचा वेग मंदावला नाही.

उतारवयात या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येऊ शकतो. आईंना गुडघेदुखीसाठी अशी एखादी गोळी आधीच चालू असेल, तर पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना तिचं नाव जरूर सांगा.