पद्मिनीच्या टूल्ससाठी एफडी मोडू की लोन घेऊ?

नमस्कार, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मुलुंडला सोसायटीच्या स्टिल्टमध्ये वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी गाडी उभी आहे, रविवारी तुम्ही स्वतः तिच्यावर काम करता, आणि आता 216 पीसचा टूल सेट, ट्रॉली, कॉम्प्रेसर, इम्पॅक्ट गन आणि सिझर लिफ्ट अशी 1,80,000 ची यादी काढलीय. विचारताय की 2 लाखांची एफडी मोडू का 16 टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ.

दोन्ही नको. टूल्स मात्र नक्की घ्या, फक्त ही यादी नको.

आधी हिशोब बघा. हातात 92 हजार येतात, होम लोनचे 31 जातात, घरखर्च 40, एसआयपी 10, म्हणजे उरले 11 हजार. 1,80,000 चं लोन 2 वर्षांसाठी घेतलं तर ईएमआय साधारण 8,800 बसतो आणि व्याजच साडेएकतीस हजारांच्या आसपास जातं. मग महिन्याला दोन-सव्वादोन हजार शिल्लक, त्यात पद्मिनीला ब्रेकचं सिलिंडर लागलं तर ते कुठून आणणार? ट्रॉली चकाचक आणि गाडी कव्हरखाली, असं झालेलं मी बघितलंय आणि वाईट वाटतं. आणि एफडी म्हणाल तर तो तुमचा एकुलता एक इमर्जन्सी फंड आहे, हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याच्या 71 हजारांच्या खर्चाला ती तीन महिनेही पुरत नाही, तिला हात लावू नका.

तुमची खरी काळजी मला कळली. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर राहिली नाही, तिच्यावर हात बसलेले मिस्त्री कमी होत चालले, म्हणून सगळं आत्ताच घरी हवं असं वाटतं. काळजी खरी आहे, पण त्यावर उपाय मिस्त्रीकडून काम शिकणं हा आहे. एखादा जुना मिस्त्री अजून काम करत असेल तर त्याला त्याची मजुरी पूर्ण द्या आणि टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं, करताना शेजारी उभे राहा. फट मोजायच्या फीलर गेजची पाती हलकीशी अडकत सरकली पाहिजे, हे ‘हलकंसं’ म्हणजे किती ते हातालाच कळतं, आणि ते गेज काही शे रुपयांत येतं.

आता वस्तूंकडे येऊ. पद्मिनी मुळात इटालियन फियाट, त्यामुळे पाने मिलिमीटरमधले. 216 पीसमध्ये निम्मे स्टार बिट आणि इंचातल्या गोट्या (सॉकेट) असतील तर त्या तुमच्या गाडीला लागणारच नाहीत. 10, 13, 17, 19 हेच पुन्हापुन्हा हातात येतील, ते चांगले घ्या, आणि गोटी सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. आपल्या हवेत नट गंजतात, बारा कोनी गोटी त्यांच्या कडा खाते, एकदा नट गोल झाला की 20 मिनिटांचं काम पूर्ण रविवार खातं. ब्रेक पाइपच्या नटला साधा पाना लावू नका, त्याचा फ्लेअर नट पाना वेगळा येतो, तो घ्याच. नागदेवी स्ट्रीटला शनिवारी सकाळी जा, सुटे पाने हातात घेऊन बघता येतात. चोरबाजारातही जुने पाने मिळतात, फक्त तोंड फाकलेलं नाही ना ते बघून घ्या.

एका गोष्टीत मात्र कंजूषी अजिबात नको, जॅक स्टँडची जोडी, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे टेकू. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, हात जोडून सांगतो. घरात बायको आणि लहान मुलगी आहे असं तुम्हीच लिहिलंय. आणि टर्म इन्शुरन्सचं काहीच लिहिलं नाहीत, तेही कळवा.

लिफ्ट यादीतून काढा. स्टिल्ट सोसायटीची कॉमन जागा आहे, परवानगीशिवाय तिथे असं काही ठेवलं तर वाद होणार, शिवाय वर उंची तरी किती मिळणार. कॉम्प्रेसर आणि इम्पॅक्ट गन पेंटिंग किंवा मोठं काम निघेल तेव्हा बघू, तोवर ती कामं गॅरेजमध्ये करून घ्या. टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना, इंजिनाचं हेड उघडायची वेळ आली की घ्या, आणि वापरून झाला की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवा.

पैशाचं असं करा, उरलेल्या 11 हजारांतले 5 हजार पद्मिनीच्या वेगळ्या खात्यात, 6 हजार आरडीत आणि दिवाळीचा बोनस पूर्ण इमर्जन्सी फंडाला, सहा महिन्यांच्या खर्चाचे 4,26,000 होईपर्यंत. 5 महिन्यांत 25 हजार जमतात, त्यात पाने, स्टँड, गेज सगळं बसतं, आणि पुढचे पैसे पार्ट्सला. अजून एक, 2028 ला गाडीच्या पहिल्या नोंदणीला 50 वर्षं होतील, तेव्हा 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचा विचार येईल. तिची फी 20,000 आहे आणि मग गाडी रोजच्या वापरात चालत नाही, म्हणजे मुलीला शाळेत सोडायला जात असाल तर घाई करू नका, आधी घरी बोला.

पुढच्या रविवारी काय उघडणार आहात ते कळवा, त्यावरून पहिल्या 5 हजारांत काय घ्यायचं ते सांगतो.