मुंबईत राहून गावी लावलेली हापूसची नवी कलमे कशी जगवावीत?

यंदा जूनमध्ये रत्नागिरीजवळच्या गावी हापूसची कलमे लावली, घर बंद असते आणि गणपती, दिवाळी, शिमगा व मे महिना एवढ्याच वेळी जाणे होते, तर उन्हाळ्यात पाण्याचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. पाण्याची चिंता रास्त आहे, परंतु माझ्या मते पहिली नजर जोडाकडे, म्हणजे खालचा खुंट आणि वरची हापूसची काडी जुळवलेल्या जागेकडे, हवी. पाण्यावाचून मेलेले कलम निदान डोळ्यांना दिसते. जोडाकडे दुर्लक्ष झालेले कलम मात्र हिरवेगार वाढते आणि काही वर्षांनी त्याला रायवळ आंबे लागतात.

याचे कारण असे की कलमाचा खालचा खुंट रायवळ कोयीपासून वाढवलेला असतो. पावसाळ्यात त्याच्यावर जोडाच्या खाली फूट येते, मुळांकडून येणारा जोर ती स्वतःकडे ओढते आणि वरची हापूसची काडी हळूहळू मागे पडून वाळते. म्हणून गणपतीला जाल तेव्हा प्रत्येक कलमापाशी बसून, भोवतीचे गवत काढून, जोड नीट पाहावा. त्याखालची फूट कोवळी असेल तर अंगठ्याने दाबून मुळाशीच मोडावी. ती जून झाली असेल तर धारदार चाकूने खोडालगत कापावी. खुंटी ठेवल्यास तिच्या बुडातून पुन्हा फुटवे येतात.

त्याच वेळी जोडावर प्लास्टिकची पट्टी राहिली आहे का, तेही पाहावे. जोड पक्का जुळला असेल तर पट्टी ब्लेडने उभी चिरून काढावी. ती तशीच राहिली तर खोड जाड होताना तेथे काच पडतो आणि पुढे एखाद्या वाऱ्यात कलम नेमके तेथेच मोडते. पावसाने माती वाहून येऊन जोड झाकला असेल तर ती बाजूला करावी आणि कलमाला काठीचा सैल आधार द्यावा.

आता पाणी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. कातळ फोडून केलेल्या खड्ड्यात तर मुळांना पसरायलाही जागा कमी असते. त्यामुळे दिवाळीच्या मुक्कामात कलमांभोवती पाणी साठण्यासाठी मातीची गोल आळी करून घ्यावीत, त्यांत सुकलेल्या गवताचे किंवा पेंढ्याचे जाड आच्छादन घालावे आणि ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे, कारण वाळवी आच्छादनातून खोडाकडे जाते. प्रत्येक कलमाजवळ बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घातलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी मुळांपाशी सावकाश झिरपते आणि ते भरणाऱ्या माणसाला रोज यावे लागत नाही. पश्चिमेच्या बाजूने नारळाच्या झावळ्यांचा आडोसा केला की दुपारचे ऊन कोवळ्या पानांवर येत नाही.

टायमर लावलेल्या ठिबकवर सारा भार टाकू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. वीज जाते, तोट्या कचऱ्याने तुंबतात, उंदीर नळ्या कुरतडतात आणि मुंबईत बसलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. शेजारच्या वाडीतला, रोज त्या वाटेने जाणारा माणूस ठरवून, त्याला योग्य मेहनताना देऊन, दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून दोनदा मडकी भरण्याचे काम सोपवावे. यापुढे नवी कलमे लावतानाही त्याच्याने जेवढी होतील तेवढीच लावावीत. उरलेली जागा पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात काही नुकसान नाही.

भातकापणीनंतर गुरे मोकळी सुटतात, त्यामुळे कुंपण त्याआधी पक्के असावे. पुढे गवत वाळले की वणव्याची भीती सुरू होते. बागेच्या चारही बाजूंनी गवत कापून, जमीन उघडी करून रुंद जाळरेषा काढण्याचे काम दिवाळीत जमले नाही तर डिसेंबरात मुद्दाम एक फेरी करावी. वर्षभराची निगा एका दुपारच्या आगीत जाते.

कलमकाडी फळत्या झाडाची असल्यामुळे लहानशा कलमालाही थंडीत मोहर येतो. तो पाहून मन मोहते, पण पहिली तीन-चार वर्षे तो धरू नये. मडकी भरणाऱ्या माणसाला सांगून ठेवावे की मोहर दिसताच खुडून टाकायचा, आणि शिमग्याला गेल्यावर राहिलेला तुम्ही स्वतः खुडावा.