जानेवारीत दोन दिवस मिनियापोलिसला आहे. थंडीत बघण्यासारखं काय?

विमानतळावरून ब्लू लाइन ट्रेनने डाउनटाउन गाठा, साधारण अर्धा तास लागतो. तिथल्या इमारती पहिल्या मजल्यावर काचेच्या बंद पुलांनी जोडल्या आहेत, त्यांना स्कायवे म्हणतात. कोट हातात घेऊन मैलोन्‌मैल फिरता येतं. मात्र ते आठवड्याच्या दिवशी दुपारीच बघा. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी बरेच दरवाजे बंद असतात, मग मधेच अडकून रस्त्यावर उतरावं लागतं.

मिनियापोलिस इन्स्टिट्यूट ऑफ आर्टला प्रवेश मोफत, सोमवारी बंद. पण माझ्या मते हिवाळ्यातली खरी जागा शेजारच्या सेंट पॉल शहरातलं कोमो पार्क कॉन्झर्व्हेटरी. 1915 सालचं काचघर, तेही मोफत. आत दमट ऊब आणि फुलं! कॅमेऱ्याच्या काचेवर लगेच वाफ धरते, दहा मिनिटं थांबून मग फोटो काढा.

गोठलेल्या तळ्यावर चालायचं तर निदान 4 इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. पांढरट बर्फ कमी वजन पेलतो. सुती मोजे नकोतच, घामाने ओले होऊन पाय गारठतात. लोकरीचे घाला, आणि बूट थोडे सैल. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.