वाढीव खर्च कोणाच्या खिशातून?

प्रश्न : मुंबई मेट्रो-३ या भुयारी मार्गाच्या खर्चाचा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता. वाढलेले पैसे कुठून आले?

उत्तर : बरेचसे कर्जातून. २०२२ मध्ये राज्याने सुमारे ३३,४०६ कोटींचा सुधारित खर्च मान्य केला, तेव्हा जपानच्या ‘जायका’ या सरकारी अर्थसाह्य संस्थेचे कर्ज १३,२३५ कोटींवरून १९,९२४ कोटींवर नेले. पुढे एकूण खर्चाचा आकडा ३७ हजार कोटींपलीकडे गेलाच! आरे वसाहतीत झाडे तोडून कारशेड (मेट्रो गाड्यांचा डेपो) उभारण्याच्या वादात काम रखडले. अशा विलंबात सिमेंट, पोलाद, मजुरीची भाववाढ साचते आणि बांधकामकाळातले व्याजही प्रकल्पखर्चात चढते. जायकाचा व्याजदर कमी आणि मुदत दीर्घ, पण कर्ज येनमध्ये. रुपया घसरला तर हप्ता फुगतो.