स्प्रिंगची झणझण कशी घालवावी?

प्रश्न : माझ्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलमधून प्रत्येक फैरीला झणझण आवाज येतो. ब्रिटिश कस्टम कारागीर यावर काय करत? जास्त ताकदीची स्प्रिंग घालू का?

उत्तर : मुळीच नको. धक्का वाढेल आणि नेम बिघडेल. झणझण होते ती स्प्रिंग आणि तिच्या आतला गाइड (स्प्रिंगला सरळ धरणारा दांडा) यांच्यातल्या फटीमुळे. इंग्लंड आणि वेल्समध्ये विनापरवाना एअर रायफलच्या छऱ्याच्या ऊर्जेला १२ फूट-पौंडांची (सुमारे १६.३ जूल) मर्यादा आहे. त्यामुळे ‘व्हेनम आर्म्स’सारख्या ब्रिटिश कारागिरांनी वायराउख या जर्मन कंपनीच्या ‘एचडब्ल्यू ७७’ या स्प्रिंग रायफलवर ताकदीपेक्षा सफाईवर जीव ओतला. त्यांचा खरा वारसा तोच.

रायफल स्प्रिंग-कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा) लावूनच उघडा. ताण एकदम सुटला तर हात जायबंदी होतो. अ‍ॅसिटल प्लास्टिकचा गाइड लेथवर असा कातून घ्या, की स्प्रिंग त्यावर हाताने दाबूनच बसेल. स्प्रिंगची टोके सपाट घासून पॉलिश करा. सिलिंडरच्या खाचेच्या धारदार कडा आधी घासून बोथट करा, नाहीतर पिस्टनचे नवे सील (हवा अडवणारी टोपी) बसवतानाच कापले जाते. मॉलिब्डेनम ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो. सीलच्या पुढे ग्रीस गेले, तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेटते, धूर येतो आणि छऱ्याचा वेग दर फैरीला बदलतो. वेग क्रोनोग्राफवरच (छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरच) तपासा, कानावर विसंबू नका.