वाचकांचे प्रश्न : ‘फक्त पिकअप’ लिहिलं, तरी म्हणतात ‘पाठवून द्या’

प्रश्न : आम्ही कायमचे पुण्याला परत निघालो आहोत. घरातली २२० पौंडांची ट्रेडमिल ईबेवर लिलावात टाकली. वर्णनात ‘फक्त पिकअप’, म्हणजे घेणाऱ्यानंच येऊन न्यायचं, असं स्वच्छ लिहिलं होतं. बोली जिंकली टेक्सासच्या माणसानं. त्यानं पैसेही भरले आणि आता म्हणतो, ‘फेडएक्सनं पाठवा, खर्च देतो, नाहीतर निगेटिव्ह फीडबॅक देईन.’ काय करावं?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पाठवू नका, त्यानं कितीही खर्च देऊ केला तरी.

फेडएक्स आणि यूपीएस साधं पार्सल १५० पौंडांपर्यंतच घेतात, म्हणजे तुमची ट्रेडमिल वजनातच बाद झाली. उरतं ते फ्रेट, म्हणजे जड मालाची ट्रकनं वाहतूक. त्यासाठी पॅलेट आणा, डेक आणि खांब सुटे करून पट्ट्यांनी आवळा, घरून उचलायचे आणि लिफ्टगेटचे (ट्रकच्या मागच्या, माल वर-खाली करणाऱ्या फळीचे) पैसे वेगळे मोजा. हे सगळं केलंत तरी खरा धोका पुढेच आहे. पाठवण्याची जबाबदारी तुम्ही घेतलीत की वाटेतली मोडतोडही तुमच्याच गळ्यात पडते. ‘कन्सोल (बटणांचा पडदा) फुटून आला’ असा एक फोटो त्यानं टाकला, तर पूर्ण पैसे परत करायचे आणि वर टेक्सासहून परतीचं फ्रेटही भरायचं. हा व्यवहार तुम्ही ठरवलेलाच नव्हता.

धमकीला घाबरू नका. लिस्टिंगमध्ये नसलेली गोष्ट फीडबॅकचा धाक दाखवून मागणं ईबेच्या नियमात बसत नाही. मात्र ती धमकी ईबेच्या मेसेजमध्ये लेखी असली पाहिजे. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर बोलू नका. ईबेच्या मेसेजमधूनच त्याची तक्रार नोंदवा आणि त्याला एवढंच लिहा : ‘वस्तू फक्त पिकअपसाठी आहे. अमुक तारखेपर्यंत स्वतः या किंवा तुमचा मूव्हर (सामान वाहून नेणारा) पाठवा. जमत नसेल तर ऑर्डर रद्द करायची आहे असं इथेच कळवा. पैसे पूर्ण परत मिळतील.’

त्यानं तसं कळवलं की ऑर्डर रद्द करताना ‘खरेदीदारानं रद्द करायला सांगितलं’ हेच कारण निवडा. घाईत ‘वस्तू शिल्लक नाही’ निवडलंत तर तो ठपका तुमच्या खात्यावर बसतो. आडमुठेपणानं तो काहीच कळवत नसेल, तर मेसेज समोर ठेवून ईबेच्या मदतकेंद्राशी बोला. नंतर त्याला ब्लॉक करा आणि दुसऱ्या क्रमांकाची बोली लावणाऱ्याला ‘सेकंड चान्स ऑफर’, म्हणजे वस्तू घेण्याची दुसरी संधी, पाठवा. लिलाव संपल्यापासून ६० दिवस ती सोय असते. आधी तो माणूस जवळ राहतो का, हे मात्र विचारून घ्या.

मूव्हर आलाच, तर खरेदीदाराला ऑर्डरमध्ये दिसणारा सहा आकडी कोड ड्रायव्हरकडे द्यायला सांगा. तो कोड तुम्ही ईबेच्या ॲपमध्ये टाकल्याशिवाय ट्रेडमिल गाडीत चढू द्यायची नाही. ‘वस्तू मिळालीच नाही’ असा दावा झाला तर तोच तुमचा पुरावा. पट्टा चालू असतानाचा व्हिडिओ घ्या, ड्रायव्हरची सही घ्या. आणि ‘जास्तीच्या रकमेचा कॅशिअर्स चेक (बँकेनं स्वतः काढलेला चेक) पाठवतो, त्यातून मूव्हरला पैसे द्या’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा. ही जुनी फसवणूक आहे. बँक रक्कम आधी खात्यात दाखवते, चेक खोटा निघाला की तुमच्याकडून वसूल करते. तोवर मूव्हरला दिलेले पैसे गेलेले असतात.

पुन्हा लिस्टिंग करताना नुसत्या वर्णनावर भिस्त ठेवू नका. फोनवर वर्णन घडीत राहतं, लोक ते उघडतही नाहीत. शिपिंगच्या रकान्यात ‘लोकल पिकअप ओन्ली’ निवडा. तिथे चुकून फ्लॅट रेट, म्हणजे पाठवण्याचा ठरावीक दर, राहिला, तर वर्णनात काहीही लिहा, खरेदीदार त्या दरावरच बोट ठेवतो. शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात. त्यात ‘पिकअप ओन्ली’ आणि गावाचं नाव बसवा. फोटोवर मजकूर लिहू नका, ते ईबेला चालत नाही. वजन आणि मापं जरूर द्या, शिवाय ‘तळघरातून काढायला दोन माणसं लागतील’ हेही. आलेला माणूस जिन्याकडे बघून परत जायला नको!

प्रश्न : जिंकणारा पैसेही भरत नाही आणि न्यायलाही येत नाही. किती थांबायचं?

उत्तर : चार दिवस. पाचव्या दिवसापासून ‘खरेदीदारानं पैसे भरले नाहीत’ या कारणानं ऑर्डर रद्द करता येते, आणि ती नोंद त्याच्या खात्यावर जाते. अशा लोकांना दूर ठेवायला ईबेच्या ‘बायर रिक्वायरमेंट्स’ या सेटिंगमध्ये पैसे न भरणाऱ्यांना अडवण्याचा पर्याय असतो. लिलाव सुरू असताना कोणी ‘शिपिंग किती?’ असं विचारून बोली लावली, तर लगेच उत्तर द्या. नाद सोडत नसेल तर त्याची बोली रद्द करून त्याला ब्लॉक करा. नुसती बोली रद्द केली तर तो पुन्हा लावू शकतो.