राहू दे, मी व्हिडिओ बघतो

माई,
आमचा मुलगा दोन वर्षांपासून जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरी करतो. इथे असताना स्वतःचा चहासुद्धा करत नव्हता. यंदा गणपतीत त्याने आठ मित्रमैत्रिणींना जेवायला बोलावलंय आणि उकडीचे मोदक स्वतः करणार म्हणतो. चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला. पण तिकडे सुट्टी नाही, म्हणून हा शनिवारी, १९ तारखेला करणार. सोवळं नाही, मुहूर्त नाही, वर बियरही असेल म्हणे. मला फोन करून कृती विचारली. मी सांगायला लागले तर म्हणाला, ‘आई, अंदाजाने नको, ग्रॅममध्ये सांग.’ मी म्हटलं, बाबा, मी काही कधी वजन करून केलं नाही. तर म्हणाला, ‘राहू दे, मी व्हिडिओ बघतो.’ एवढंच वाटतं तर घरी यावं ना? आम्ही दोघंच इथे. यंदा मोदक करावेसेच वाटत नाहीत. नैवेद्याची अशी पार्टी करणं बरं दिसतं का? ‘नको करूस’ म्हणून सांगू का?
— एक आई, गिरगाव

ताई,

सोवळं, मुहूर्त आणि बियर तुम्ही एका ओळीत उरकलंत. त्या फोनचं मात्र शब्दन् शब्द लिहिलंत. म्हणजे दुखलंय कुठे, ते तुम्हालाही माहीत आहे.

आधी शनिवारचं बघू. अहो, तुम्ही गिरगावच्या! तुमच्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतोय. अनंत चतुर्दशीपर्यंत गल्लोगल्ली बाप्पा असतात आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून मोदक येतात. १९ तारीख त्या दिवसांतलीच आहे. बियरचं म्हणाल तर आधी नैवेद्य दाखव, मग काय ते, एवढं एकदा सांगा आणि विषय सोडा. माझी भाची तीन वर्षं त्याच गावात होती. तिकडे माउलटाशन नावाचा प्रकार करतात, पिठाच्या पारीत सारण भरून उकडलेला. उपासाच्या दिवसांत मांस देवाला दिसू नये म्हणून ते आत दडवलं, अशी त्याची गोष्ट सांगतात आणि गमतीने त्याला देवाला फसवणारे म्हणतात. तुमचा मुलगा तर सगळं उघडपणे करतोय.

आता त्या ग्रॅमचं. ‘आई, ग्रॅममध्ये सांग’ हे तुम्हाला उर्मट वाटलं. मला वाटतं मुलगा घाबरलाय. आठ माणसं जेवायला येणार, पदार्थ आयुष्यात पहिल्यांदा करायचा, आणि तो वाढून झाल्यावर ‘हे आमच्या घरी करतात’ असं म्हणायचं. तुमचा अंदाज साडेसहा हजार किलोमीटरवर फोनमधून जात नाही. तेव्हा एक करा. किराणावाल्याकडे असतो तसला छोटा वजनकाटा आणा आणि या रविवारी नुसत्या सरावाचे मोदक करा. नेहमीच्या सवयीने वाटी भरा, पण ओतण्याआधी काट्यावर ठेवा. यजमानांना वही घेऊन शेजारी बसवा. पिठी किती, पाणी किती, खोबरं किती, गूळ किती. तुमची वाटी आणि माझी वाटी सारखी नसते, म्हणून मी इथे आकडे देत नाही; प्रमाण तेवढं सांगते, पिठीला पाणी वाटीस वाटी आणि दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. दोन वाट्या पिठीचे वीसेक मोदक होतात, आठ जणांना पुरे. ती वही मुलाला पाठवा. व्हिडिओतल्या बाईकडे तुमची वाटी नाही.

पण काट्यावर न मावणाऱ्या गोष्टीही त्यात लिहा, आणि त्या तुम्हीच लिहा. सारण किती कोरडं झालं की गॅस बंद करायचा. उकड हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळायची, हात पाण्यातेलाचा करून. पारीला कडेने चिरा पडायला लागल्या तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळ. सारण ओलं राहिलं तर मोदक पात्रात फुटतो. हे वाक्य मोठ्या अक्षरात.

पिठीचं एक बजावा. तिकडच्या एशियन दुकानात तांदळाच्या पिठाच्या दोन पिशव्या शेजारीशेजारी असतात. ‘ग्लुटिनस’ लिहिलेली घेतली तर उकडीची खळ होईल. साधं तांदळाचं पीठ बघून घे म्हणावं. नारळ खवलेला, गोठवलेला मिळतो. हळदीची पानं मिळाली नाहीत तर चाळणीला तेलाचा हात पुरतो. आणि तूप पाठवायच्या भानगडीत पडू नका. दुधाचे पदार्थ बाहेरून खासगी पार्सलने युरोपियन युनियनमध्ये पाठवता येत नाहीत, पेढेसुद्धा नाहीत. तिकडच्या कुठल्याही सुपरमार्केटात बटरश्माल्ट्स मिळतं. ते कढवलेलं लोणीच, म्हणजे आपलं तूप. नावावर जाऊ नका.

बाकी पान आटोपशीर ठेवायला सांगा. वरण-भात, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, मोदक. पुऱ्या नकोत, आठ जणांच्या पुऱ्या तळणारा माणूस पाहुण्यांत बसत नाही. अळूचं फदफदंही नको. कच्चं राहिलं किंवा चिंच कमी पडली तर आठ जर्मन घसे खाजवत घरी जातील. मोदकाची एक सोय आहे, त्यात ना गहू, ना अंडं. पाहुण्यांत कुणी दूधही न खाणारं निघालं तर तूप उकडीत न घालता वरून, ज्याचं त्याने घ्यायचं. सारणात काजू घालणार असेल तर आधी विचारून घे म्हणावं, तिकडे याबद्दल उघड विचारतात.

आणि ताई, त्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर बसून कळ्या मोजू नका. माझा लग्नानंतरचा पहिला गणपती. मी अकरा मोदक वळले, एकाच्याही कळ्या धड नाहीत. सासूबाईंनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “लसूण चांगला निवडलास.” आज हसू येतं. तेव्हा मी मोरीत जाऊन रडले होते. तुम्ही फोन करा, पण आरतीला. तिकडे दुपारचे चार म्हणजे इथे साडेसात. दोन्हीकडे टाळ्या वाजू द्यात, मग ठेवून द्या. मोदक कसे झाले ते रविवारी विचारा.

राहिलं ‘घरी यावं ना’. हे तुम्ही त्याला म्हणालात का? की फक्त मला लिहिलंत? म्हणून टाका. सोवळ्याच्या आडून नको. सरळ म्हणा, तुझ्याशिवाय गणपतीत घर ओकंओकं वाटतं, पुढच्या वर्षी रजा जमव. तो हो म्हणेल की नाही, मला ठाऊक नाही. निदान मोदकांवरून भांडण तरी होणार नाही.

आणि यंदा करावेसे वाटत नाहीत म्हणता, तर सोमवारचे एकवीस नका करू. पाच करा, देवापुढचे. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची आणि जिरं घालून निवगऱ्या थापा. त्या मुलाला आवडायच्या का? आवडत असतील तर वहीच्या शेवटच्या पानावर त्याही लिहा, त्याने विचारलेलं नसलं तरी.

— माई